पगार कापला नाही, वाढ अडवली : अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांचं १९७४ साल

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. १२ मार्च १९१३ ला ते तिथंच जन्मले. वडील कोर्टात बेलीफ होते. ते लवकर गेले आणि घरात येणारा सरकारी पगार थांबला. आई विठाईंनी कष्ट करून पोरं वाढवली. पगार बंद पडला की घराचं काय होतं, हे यशवंतरावांनी लहानपणीच पाहिलं होतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. तुरुंगवास, बेचाळीसचं भूमिगत काम, १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मग दिल्लीत संरक्षण आणि गृह खातं. जून १९७० मध्ये अर्थखातं आलं, आणि खरी कसोटी तिथं लागली.

तिजोरीवर एकामागून एक घाव बसले. १९७१ मध्ये बांगलादेशातून जवळपास एक कोटी निर्वासित आले, पाठोपाठ युद्ध झालं. १९७२ ला दुष्काळ. आपल्याकडची माणसं खडी फोडायला गेली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. यशवंतरावांनी १९७३-७४ साठी मांडलेल्या अर्थसंकल्पात ५५० कोटींची तूट होती. त्याला आजही 'काळा अर्थसंकल्प' म्हणतात. वर्ष संपायच्या आत जगात कच्च्या तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले.

मुंबईत तर बायाच रस्त्यावर आल्या होत्या. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत महागाईविरोधी मोर्चे निघाले. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून लोकलनं कचेरीत जाणाऱ्या नोकरदाराचा पगार पंधरवड्यातच संपायचा.

त्यातच १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगाचा अहवाल आला. आयोगानं किमान पगार १८५ रुपये सुचवला. कर्मचारी संघटनांशी बोलणी झाली आणि सरकार १९६ वर आलं. अकरा रुपये वाढले, तेही घासाघीस करून. रक्कम छोटी वाटेल, पण लाखो माणसांचा हिशोब होता. शिवाय त्या वेळी सरकार आणि कर्मचारी समोरासमोर बसले होते, हे महत्त्वाचं.

१९७४ मध्ये ते चित्र बदललं. रेल्वे कामगारांचा बोनस आणि पगाराचा प्रश्न चर्चेत सुटला नाही. बोलणी चालू असतानाच २ मे ला जॉर्ज फर्नांडिस यांना लखनौत अटक झाली. ८ मे पासून देशभर रेल्वे संप झाला, हजारो कामगार तुरुंगात गेले. महिना संपण्याआधी संप मागे घ्यावा लागला.

मग जुलैमध्ये वटहुकूम आला. तो कुणाशी बोलून काढलेला नव्हता. हातात येणारा पगार कापायचा नाही, पण पुढची वाढ अडवायची, असा तो मार्ग. पगारवाढ झाली तर ती एक वर्ष सगळी सरकारकडे जमा. महागाई भत्ता वाढला तर दोन वर्षं त्यातला निम्मा जमा. म्हणजे भत्ता ४० रुपयांनी वाढला, तर २० हातात आणि २० सक्तीच्या ठेवीत. पैसे बुडणार नव्हते, पाच वार्षिक हप्त्यांत व्याजासह परत मिळणार होते. पण किराणा दुकानदार पाच वर्षं थांबत नाही.

बाजारात पैसा कमी फिरला की भाव उतरतील, हा त्यामागचा हिशोब. तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. कंपन्यांच्या लाभांशावर बंधन आलं, मोठ्या प्राप्तिकरदात्यांनाही सक्तीची ठेव लागली. तरी ज्याचा पगार कागदावर दिसतो तोच आधी सापडला. साठेबाज व्यापाऱ्याच्या गोदामाला पगारपत्रक नसतं. आणि खरं सांगायचं तर बडे बागायतदारही सुटले. शेतीच्या मोठ्या उत्पन्नावर कर घ्या, असं राज समितीनं १९७२ सालीच सुचवलं होतं, पण राज्यांनी ते मनावर घेतलं नाही. स्वतः शेतकऱ्यांच्या भागातून आलेल्या यशवंतरावांनाही ती गाठ सुटली नाही.

वटहुकमाचा पुढे कायदा झाला. ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव परराष्ट्र खात्यात गेले, अर्थखातं सी. सुब्रमण्यम यांच्याकडे आलं. १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते पुन्हा पैशाच्या वाटणीकडे वळले, या वेळी केंद्र आणि राज्यांमधल्या. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. समाधी कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे.