जनरल थोरात आणि पहिले तीन महिने



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा ग्रुपवर निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायला बसले होते. पण त्या सगळ्यांच्याच आहेत. म्हणून एका मोठ्या माणसाबद्दल लिहिते. ते आपल्या गावचे नव्हेत, पण त्यांची गोष्ट आपल्या शाळेच्या कामाची आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आपण पाचवीत होतो. त्यानंतर किल्लारीत लष्कर आलं. ढिगारे उपसणारे जवान आपण जवळून पाहिले. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांना फौजेत जायचं होतं. पण अधिकारी कसा होतो, त्यासाठी कुठली शाळा असते, तिथे गेल्यावर काय होतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मलाही ते फार उशिरा, लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांच्याबद्दल वाचताना कळलं.

थोरात साहेबांचा जन्म १९०६ चा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. त्या काळी हिंदी तरुणाला लष्करात किंग्ज कमिशन हवं असेल, तर इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला जावं लागे. ही वाट पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली उघडली आणि जागा होत्या वर्षाला फक्त दहा. थोरात तिथे पोहोचले ते अठरा-एकोणीस वर्षांचे असताना.

शिक्षण दीड वर्षाचं. सुरुवातीचा काळ मुख्यतः कवायतीचा. भल्या पहाटे उठायचं, बुटांना आरशासारखी चकाकी आणायची, पितळी बटणं घासायची, खोलीची तपासणी द्यायची, घड्याळाच्या काट्यावर मैदानात हजर व्हायचं. कवायत घेणारे सार्जंट कॅडेटला सगळ्यांदेखत फाडून खात, पण बोलताना शेवटी ‘सर’ लावायला विसरत नसत! रात्रीच्या जेवणाला ठरलेला पोशाख, टेबलावर काट्याचमच्यांची रांग आणि आजूबाजूला इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळांतून आलेली मुलं. त्यांना हे सगळं लहानपणापासून ठाऊक. आपल्याकडच्या मुलाला ते पहिल्या आठवड्यातच शिकायचं असे, आणि तेही परक्या भाषेत, परक्या थंडीत.

सुरुवातीच्या तुकड्यांतले बरेच हिंदी कॅडेट तिथे टिकले नाहीत. हिंदी माणसात अधिकारी होण्याची कुवतच नाही, असं म्हणणारे तेव्हा बरेच होते. पण कुवतीपेक्षा तयारीचा प्रश्न मोठा होता. म्हणून १९२२ साली डेहराडूनला मुलांची आधीपासून तयारी करून घेणारी लष्करी शाळा निघाली. १९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने हिंदुस्थानातच सँडहर्स्ट हवं, अशी शिफारस केली, आणि १९३२ साली डेहराडूनलाच इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पुढे आपल्या महाराष्ट्रात खडकवासल्याला एनडीए आली.

थोरात टिकले. १९२६ साली ते सँडहर्स्टमधून कमिशन घेऊन बाहेर पडले आणि पुढे १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत गेले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी पलटणीचं नेतृत्व केलं. त्याच ब्रिगेडमध्ये थिमय्या आणि सेन हे आणखी दोन हिंदी अधिकारी आपापल्या पलटणी लढवत होते. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. कुवतीच्या शंकेला याहून चांगलं उत्तर कोणतं असणार?

१९५३ साली कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताची फौज गेली. तिचे प्रमुख थोरात होते. मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी तिच्या ताब्यात होते. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं. गोळीबाराचा हुकूम देता आला असता. पण थोरात स्वतः नि:शस्त्र आत गेले, त्या खवळलेल्या जमावाशी बोलले आणि मेजरला सोडवून आणलं. पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चीनच्या सीमेवरच्या धोक्याबद्दल १९६० पर्यंत वरिष्ठांना सविस्तर आराखडा दिला होता. तो बाजूला पडला. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. १९९२ साली ते गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी लष्कराने मुलींना वैद्यकीय सेवेबाहेरच्या शाखांतही अधिकारी म्हणून घ्यायचं ठरवलं. २०२२ पासून तर एनडीएतही मुली आहेत.

आता माझं सांगते. बारावीनंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. पहिल्या महिन्यात वर्गात काय चाललंय ते कळत नव्हतं, कारण सगळं इंग्रजीत. मेसमध्ये कुणाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. एका शनिवारी बॅग भरून मी स्टँडवर गेले होते. गाडी चुकली, एवढंच. नाहीतर परत आलेच असते. आपल्यातले काही जण खरोखर परत आले. ते माझ्यापेक्षा हुशार होते, हे गणिताच्या सरांना विचारा. त्यांची गाडी चुकली नाही, इतकाच फरक.

म्हणून या मेळाव्यात एक सुचवते. बक्षिसं आणि सत्कार आपण करतोच. त्याशिवाय दरवर्षी शाळेतून जी मुलं-मुली बाहेर पडतील, एनडीएला असोत, नर्सिंगला की आयटीआयला, त्या प्रत्येकाचा फोन नंबर आपल्यापैकी एकाने घ्यायचा. पहिले तीन महिने दर रविवारी फोन करायचा. जेवलास का, कपडे कुठे धुतोस, वर्गात काय कळलं नाही, एवढंच विचारायचं.

यादी मी करते. पहिलं नाव माझं लिहिलं आहे.