रुदोल्फो आक्वाविवा

रुदोल्फो आक्वाविवा (२ ऑक्टोबर, १५५० : आत्री, इटली – २५ जुलै, १५८३ : कुंकळ्ळी, गोवा) हे येशूसंघाचे (जेझुइट) इटालियन धर्मप्रसारक होते. मोगल सम्राट अकबराच्या दरबारात गेलेल्या पहिल्या जेझुइट शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. गोव्यातील सासष्टी प्रांतात कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांच्या हल्ल्यात चार सहकाऱ्यांसह त्यांचा मृत्यू झाला. कॅथलिक परंपरा त्यांना हुतात्मा मानते. त्याच घटनेनंतर पोर्तुगीजांनी ज्या गावकरांना मारले, ते कुंकळ्ळीच्या लोकस्मृतीत स्वातंत्र्यवीर ठरले आहेत. त्यामुळे आक्वाविवांचे चरित्र एकाच बाजूने सांगता येत नाही.

पूर्वायुष्य

आक्वाविवांचा जन्म आत्रीच्या ड्यूक घराण्यात झाला. सुखवस्तू जीवन सोडून त्यांनी १५६८ मध्ये रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. त्यांचे काका क्लाउदिओ आक्वाविवा हेही याच संघात होते आणि १५८१ मध्ये ते संघाचे सर्वोच्च अधिकारी झाले. पौर्वात्य देशांत काम करण्याची रुदोल्फो यांची इच्छा मान्य होऊन १५७८ मध्ये लिस्बन येथे त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते जहाजाने निघून सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचले. पुढे चीनमधील कार्यामुळे प्रसिद्धीस आलेले मात्तेओ रिची त्याच वर्षीच्या तुकडीत होते. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात आक्वाविवांनी काही काळ तत्त्वज्ञान शिकवले.

अकबराच्या दरबारात

१५७९ मध्ये अकबराचे दूत गोव्यास आले. ख्रिस्ती धर्म जाणून घेण्यासाठी विद्वान धर्मगुरू पाठवावेत, अशी बादशहाची विनंती होती. येशूसंघाने आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेराते आणि दुभाषा म्हणून फ्रान्सिस्को हेन्रिकेस यांची निवड केली. हेन्रिकेस हे मूळचे होर्मुझचे असून त्यांना फारसी येत होती. दमण व सुरतेच्या मार्गाने हे तिघे फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस फतेहपूर सिक्रीस पोहोचले. त्यांनी अनेक भाषांत छापलेला बायबलचा बहुखंडी ग्रंथ अकबरास भेट दिला. बादशहाने तो आदराने मस्तकी लावला, असे वर्णन मिळते.

इबादतखान्यातील वादसभांत आक्वाविवा मुल्लामौलवींसमोर उभे राहत. त्यांनी फारसी शिकून घेतली. मोन्सेराते यांच्याकडे शहजादा मुराद याच्या शिक्षणाचे काम आले. १५८१ मध्ये अकबर काबूलच्या मोहिमेवर निघाला तेव्हा मोन्सेराते त्याच्याबरोबर गेले आणि आक्वाविवा फतेहपुरातच राहिले. बादशहा सर्व धर्मांचे ऐकून घेतो, पण कोणत्याही एका धर्मात येणार नाही, हे त्यांना हळूहळू उमगले. अखेरीस एकट्याने काढलेला त्यांचा काळ उपवासात व प्रार्थनेत गेला. निरोपाच्या वेळी देऊ केलेले धन त्यांनी नाकारले. बादशहाच्या आईकडे गुलाम असलेल्या एका रशियन ख्रिस्ती कुटुंबाची सुटका मात्र त्यांनी मागून घेतली. मे १५८३ मध्ये ते गोव्यास परतले.

सासष्टीतील परिस्थिती

परतल्यावर त्यांची सासष्टी मिशनच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. (ही सासष्टी दक्षिण गोव्यातील असून मुंबईलगतच्या साष्टी बेटाहून वेगळी आहे.) हा प्रांत १५४३ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून पोर्तुगीजांकडे आला होता. १५६७ मध्ये राशोलच्या पोर्तुगीज किल्लेदाराने तेथील मंदिरे मोठ्या प्रमाणावर पाडली. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली व वेरोडे ही दक्षिणेकडील पाच गावे मात्र नमली नाहीत. येथील गावकर, म्हणजे जमिनीचे व ग्रामव्यवस्थेचे वंशपरंपरागत मालक, आपली जमीन, दैवते आणि ग्रामसभा यांना धरून होते. त्यांनी पाडलेली देवळे पुन्हा उभारली आणि पोर्तुगीजांना सारा देणे थांबवले. त्यावर लष्करी मोहिमा झाल्या, गावे जाळली गेली आणि देवळे पुन्हा पाडली गेली. कुंकळ्ळीची ग्रामदेवता शांतादुर्गा हिची मूर्ती भाविकांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर फातर्पे येथे नेली.

या मोहिमांत येशूसंघाचे पिएत्रो बेर्नो आणि आफोन्सो पाशेको हे धर्मगुरू सैन्याबरोबर होते आणि देवळे पाडण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढील घटना समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. केवळ दोन महिन्यांपूर्वी उत्तरेतून आलेल्या आक्वाविवांचा या मोहिमांशी संबंध नव्हता. परंतु गावकऱ्यांपुढे ते आले ते याच सहकाऱ्यांना बरोबर घेऊन.

कुंकळ्ळीची घटना

जुलै १५८३ मध्ये आक्वाविवा, पाशेको, बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि बंधू फ्रान्सिस्को आरान्या हे ओर्ली येथील चर्चमध्ये जमले. तेथून काही ख्रिस्ती ग्रामस्थांसह ते कुंकळ्ळीस गेले. क्रूस उभारणे व चर्चसाठी जागा निवडणे हा त्यांचा हेतू होता. गावात ग्रामसभा भरली आणि थोड्याच वेळात तलवारी व भाले घेतलेला जमाव चालून आला. हा दिवस सोमवार, २५ जुलैचा. गोव्यात तेव्हा चालू असलेल्या जुन्या गणनेनुसार १५ जुलै. बरोबरच्या गोन्सालो रॉड्रिग्ज या पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक रोखली, पण आपण लढण्यासाठी आलेलो नाही असे सांगून पाशेको यांनी त्याला थांबवले. मंदिरे पाडणाऱ्या मोहिमेत ज्यांचा हात होता, त्यांनीच या वेळी शस्त्र खाली ठेवायला लावले.

जेझुइट वृत्तांतांनुसार आक्वाविवांनी प्रतिकार केला नाही. तलवारीचे पाच घाव व भाल्याचा वार त्यांच्यावर झाला आणि मारेकऱ्यांना क्षमा करावी अशी प्रार्थना करीत त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. बेर्नो यांच्यावर लोकांचा राग सर्वांत अधिक होता आणि त्यांच्या देहाची विटंबना झाली. जखमी आरान्या दुसऱ्या दिवशी सापडले. त्यांना झाडाला बांधून बाणांनी मारण्यात आले. पाच जेझुइटांखेरीज रॉड्रिग्ज आणि काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. त्यांत कुंकळ्ळीचाच दोमिंगो नावाचा मुलगा होता. देवळांच्या जागा त्याने धर्मगुरूंना दाखवल्या होत्या आणि त्याला मारणारा त्याचा सख्खा काका होता, असे वृत्तांत सांगतात. गावातली फूट घराघरांत किती खोल गेली होती, ते यावरून दिसते.

घटनेनंतर

मृतदेह विहिरीत टाकले होते. ते काढून राशोल येथे पुरण्यात आले. १५९७ मध्ये अवशेष गोवे शहरातील सेंट पॉल महाविद्यालयात आणि १८६२ मध्ये जुने गोवे येथील से कॅथेड्रलमध्ये हलवण्यात आले. ही बातमी कळताच अकबराने शोक केला, आक्वाविवांना आपण जाऊ द्यायला नको होते असे त्याला वाटले, अशी नोंद आहे. त्याने पुढेही जेझुइटांना दोनदा बोलावले. मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला त्या १६०० साली, तिसऱ्या शिष्टमंडळाचे जेरोम झेवियर दक्षिणेतील शाही छावणीत होते.

मरताना केलेल्या प्रार्थनेचा सत्तेवर काही परिणाम झाला नाही. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलणी करण्याच्या निमित्ताने पाच गावांतील प्रमुख गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि निःशस्त्र आलेल्यांची कत्तल केली. परंपरेनुसार आलेल्या १६ जणांपैकी १५ मारले गेले; एकजण नदीत उडी घेऊन निसटला. गावांच्या जमिनी जप्त करून पोर्तुगीज सरदारांना देण्यात आल्या आणि गावकर आपल्याच शेतांत कुळे झाले. किल्ल्याच्या जागेजवळचे असोळण्याचे चर्च हुतात्म्यांच्या राणीला, म्हणजे मरियेला, अर्पण केलेले आहे. हुतात्मे कोणते, याचे उत्तर त्या परिसरात आजही एक नाही.

स्मृती

पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये आक्वाविवा व त्यांच्या चार जेझुइट सहकाऱ्यांना धन्य घोषित केले. त्यांच्याबरोबर मरण पावलेल्या स्थानिक ख्रिस्तींचा या यादीत समावेश नाही, दोमिंगोचाही नाही.

असोळण्यात मारल्या गेलेल्या गावकरांचे स्मारक कुंकळ्ळीत २००३ मध्ये उभारण्यात आले. ते धर्मगुरूंच्या स्मरणार्थ असलेल्या चॅपेलच्या शेजारीच आहे. फातर्प्यास गेलेली शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण दरवर्षी शिगम्यात वाजतगाजत आपल्या मूळ गावी येते. ‘सांत्र्यो’ (छत्र्या) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मिरवणुकीत गावातील बारा वांगड, म्हणजे मूळ कुळे, आपापल्या छत्र्या घेऊन चालतात. या कुळांचे काही वंशज हिंदू आहेत, काही कॅथलिक. दोघेही मिरवणुकीत असतात.