टांकसाळीतला प्रिन्सेप

नाण्यांचा नाद लागल्यापासून ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, तुमच्याकडे ते जमिनीवरून फिरवायचे यंत्र आहे का? इंग्लंडात मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळणारे हौशी पुष्कळ. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. पण हा प्रश्न आला की मला आठवतो जेम्स प्रिन्सेप. नाणी त्याच्याकडे इतरांनी धाडली. त्याने ती वाचली.

१७९९ साली जन्मलेला हा तरुण १८१९ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस पाहणारा साहाय्यक म्हणून आला. लगेच बनारसला गेला. तिथे टांकसाळ सांभाळून त्याने शहराचा नकाशा काढला, सांडपाण्याचे भुयार बांधले, औरंगजेबाच्या मशिदीचे मिनार सावरले. ग्रेनचा तीन हजारावा भाग दाखवणारा तराजूही बनवला. असा काटेकोर माणूस १८३० साली कलकत्त्यास परतला आणि दोन वर्षांत टांकसाळीचा मुख्य पारखी व एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला.

जुने नाणे सापडले की सोनाराच्या मुशीत, ही आपली रीत. प्रिन्सेपने सोसायटीच्या मासिकात नाण्यांची चित्रे छापायला सुरुवात केली आणि गावोगावचे अधिकारी त्याला नाणी धाडू लागले. काबूलजवळच्या बेग्रामहून चार्ल्स मॅसन हजारोंनी नाणी गोळा करत होता. हा मॅसन म्हणजे कंपनीच्या फौजेतून पळालेला, नाव बदललेला शिपाई! त्यानेच सुचवले, की ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक नाव असेल तर दुसऱ्या बाजूच्या अनोळखी अक्षरांत तेच असणार. प्रिन्सेपने तो धागा पकडला आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी खरोष्ठी उलगडू लागली.

खरी मौज १८३७ ची. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे त्याच्यापुढे होते. बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी. देवळाच्या पायरीवर आपण दात्याचे नाव कोरतो, तसेच हे असावे, असे त्याला वाटले. म्हणजे ती अक्षरे ‘दानं’. त्याच्या आधी वारंवार येणारे ‘स’ हे अक्षर त्याने थोड्याच दिवसांपूर्वी सौराष्ट्राच्या चांदीच्या नाण्यांवर वाचले होते. तो आपला ‘चा’, षष्ठीचा प्रत्यय. अमक्याचे दान! मग दिल्लीच्या स्तंभावरचा ‘देवानंपिय पियदसि’ राजा वाचता आला, आणि सिंहलद्वीपातल्या जॉर्ज टर्नरने तिथल्या पाली ग्रंथांच्या आधारे सांगितले, की हा अशोक. कार्ल्याचे, जुन्नरचे लेणीलेख आज आपण वाचतो तेही या ब्राह्मीमुळेच. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला आहे. कोणी कोणाला जिंकले, हे त्या चांदीवर वाचता येते. तीच मुशीत गेली असती तर?

टांकसाळ, मासिक, पत्रव्यवहार, लेख, सारे एका माणसाच्या डोक्यावर. १८३८ साली त्याची डोकेदुखी असह्य झाली. त्याला जहाजाने मायदेशी नेले, पण बुद्धी परत आली नाही. २२ एप्रिल १८४० रोजी तो लंडनमध्ये वारला. वय अवघे चाळीस. खरोष्ठीचे अर्धवट काम इतरांनी पुरे केले. कलकत्त्यात हुगळीच्या काठी त्याच्या नावाचा घाट आहे.