वेळूचे मोल

कलेवरील सार्वजनिक खर्च म्हणजे उधळपट्टी, असे मानणाऱ्यांनी पन्नालाल घोष यांचे चरित्र आठवावे. बारिसाल येथे १९११ साली जन्मलेले हे बासरीवादक १९४० मध्ये मुंबईत आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ला (१९४२) त्यांनी संगीत दिले. पुढे १९४७ मध्ये त्यांनी अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. लोकवाद्य समजल्या जाणाऱ्या बासरीला त्यांनी लांबी दिली आणि तिच्यात ख्यालाचे गांभीर्य आणले. १९५६ पासून दिल्लीच्या आकाशवाणी वाद्यवृंदाची धुरा वाहताना त्यांनी ‘ज्योतिर्मय अमिताभ’सारख्या रचना केल्या. १९६० मध्ये ते निवर्तले. वेळूची किंमत अत्यल्प. त्याला मोल आले ते साधनेने. मात्र त्या साधनेला वृंदाचे रूप लाभले ते सरकारी वेतनावरील वादकांमुळेच. आमच्या महापालिकेने उपनगरांसाठी अंदाजपत्रक मांडताना याचे विस्मरण होऊ देऊ नये.