अंकांचा कारभारी : जॉन पोस्टेल

परंडा तालुक्यातील एखाद्या शाळेत संगणक सुरू होतो, तेव्हा जाळ्यात त्याला स्वतःचा आयपी पत्ता नसतो. म्हणून तो सर्वांना उद्देशून हाक देतो आणि सोबत आपली ओळख सांगतो. तीत आधी प्रकार सांगणारा क्रमांक येतो, मग सहा बाइटचा हार्डवेअर पत्ता. ही ओळख पाहून सर्व्हर त्याला ठरावीक मुदतीसाठी आयपी पत्ता देतो. १ हा क्रमांक म्हणजे इथरनेट, याविषयी जगातील कोणत्याही दोन यंत्रांचे दुमत होत नाही. असे एकमत ज्यांच्या नोंदवहीने सांभाळले, ते जोनाथन पोस्टेल.

६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचा जन्म झाला. १९६९ मध्ये 'अर्पानेट' उभे राहत असताना ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात विद्यार्थी होते. कोणता क्रमांक कशासाठी वापरला जातो, याची टिपणे ठेवण्याचे रूक्ष काम त्यांनी पत्करले आणि अखेरपर्यंत सोडले नाही. इंटरनेटच्या नियमांची आरएफसी ही दस्तऐवजमालाही त्यांनीच संपादित केली. १९८१ चा आयपीचा मूळ मसुदा त्यांच्याच हातून सिद्ध झाला. १९९३ मध्ये आपोआप पत्ते देणाऱ्या डीएचसीपीचे नियम याच मालेत आले. यंत्राच्या ओळखीतील प्रकारक्रमांक त्यांनी पोस्टेल यांच्या यादीतूनच घेतले.

या अधिकाराला आधार होता तो प्रामुख्याने लोकांच्या विश्वासाचा. जानेवारी १९९८ मध्ये त्याची कसोटी लागली. पोस्टेल यांच्या सांगण्यावरून आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांनी नावांची अधिकृत यादी सरकारी कंत्राटदाराऐवजी त्यांच्या यंत्रावरून घेण्यास सुरुवात केली. ही चाचणी असल्याचे त्यांनी सांगितले. अमेरिकी सरकारने हरकत घेताच ती मागे घेण्यात आली. साऱ्या जाळ्याची किल्ली एका व्यक्तीच्या हाती असावी काय, हा प्रश्न मात्र उघडा पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली.

तिच्या जडणघडणीत पोस्टेल यांचा मोठा वाटा होता. पण तिची वाटचाल पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. हृदयशस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजचे मोबाइल खासगीपणासाठी हार्डवेअर पत्ता बदलून सांगतात. तरीही त्याआधी येणारा प्रकारक्रमांक त्याच नोंदवहीतला असतो. माणूस गेला, वही चालू राहिली. तिच्या कारभाऱ्याला याहून मोठे श्रेय कोणते!