न्यायमूर्तींचे वाचन

पदवी पदरात पडली की पुस्तकांशी काडीमोड घ्यायचा, ही आपल्या सुशिक्षितांची जुनी रीत. महादेव गोविंद रानडे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी. १८६४ मध्ये ते एम. ए. झाले, १८६६ मध्ये एलएल. बी. एवढ्या शिदोरीवर त्या काळी कोणाचाही जन्म सुखाने निघाला असता. अतोनात अभ्यासाने दृष्टी अधू झाली होती. थांबायला ते निमित्तही पुरेसे होते.

रानडे थांबले नाहीत. १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. दिवसभर दाव्यांचे कागद पाहून घरी आल्यावर दुसऱ्याने वाचावे आणि त्यांनी ऐकावे, असा क्रम पडला. वाचून दाखविणाऱ्यांत पुढे रमाबाई आल्या. १८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा अकरा वर्षांच्या त्या मुलीला अक्षरओळख नव्हती. ती रानड्यांनीच करून दिली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष मात्र सोसावा लागला तो रमाबाईंना.

सरकारच्या संशयापायी नाशिक, धुळे अशा बदल्या झाल्या. तरीही १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे आसन त्यांना मिळाले. त्यासाठी कायद्याचे ज्ञान पुरले असते. पण अर्थशास्त्रावरील निबंध आणि १९०० सालचा मराठी सत्तेच्या उदयाचा ग्रंथ घडला तो कचेरीबाहेरच्या वाचनातून. त्या इतिहासाचा पुढील भाग लिहावयाचा राहून गेला. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले.