होमी भाभा आणि त्यांची कुलाब्याची इमारत: खापरहून टीआयएफआर बघायला गेलो तेव्हा

आपण इथे नेहमी मोबाइल, अ‍ॅप, प्रोसेसर यांच्याबद्दल बोलतो. आज एका माणसाबद्दल आणि त्याने उभ्या केलेल्या एका इमारतीबद्दल बोलूया. माणूस म्हणजे डॉ. होमी भाभा. इमारत म्हणजे मुंबईत कुलाब्याला, नेव्ही नगरमध्ये अगदी समुद्राला लागून असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर. आज या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.

मी मूळचा खापरचा. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, गुजरातची हद्द जवळच. माझा मावसभाऊ यंदा बारावीला आहे आणि त्याला फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचंय. मावसांचं म्हणणं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच कर. घरात इंजिनिअर मी एकटाच, म्हणून त्याला समजवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याला समजावलं नाही. संस्थेत विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम होता, त्या दिवशी त्याला घेऊन कुलाब्याला गेलो. (एरवी तिथे सहज फिरायला जाता येत नाही, गेटवर परवानगी लागते.)

रात्रभर रेल्वेत बसून मी त्याला भाभांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

वडिलांशी झालेला सौदा

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका श्रीमंत पारशी कुटुंबात झाला. वडील वकील. आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं, चित्रं, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड, सगळंच होतं.

१९२७ मध्ये ते केंब्रिजला शिकायला गेले. विषय कोणता? मेकॅनिकल इंजिनिअरिंग! पोराने शिकून यावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं, असं घरच्यांनी ठरवलं होतं. पण तिथे गेल्यावर त्यांचं मन फिजिक्सकडे ओढलं गेलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून स्पष्ट सांगितलं की इंजिनिअरिंग हे माझं काम नाही.

वडिलांनी थेट नाही म्हटलं नाही. त्यांनी अट घातली: आधी इंजिनिअरिंगला पहिला वर्ग आण, मग गणित शिकायला आणखी पैसे देतो. भाभांनी १९३० मध्ये इंजिनिअरिंगला पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ मध्ये गणितालाही. १९३५ मध्ये पीएचडी पूर्ण झाली.

हे ऐकल्यावर मावसभाऊ म्हणाला की असा सौदा करायला घरात पैसा असावा लागतो. खरं आहे. ही गोष्ट सांगताना आपण हा भाग गाळतो, तो गाळू नये.

त्यांनी नेमका शोध काय लावला?

अवकाशातून पृथ्वीवर सतत प्रचंड ऊर्जेचे कण येत असतात. त्यांना कॉस्मिक रे म्हणजेच विश्वकिरण म्हणतात. वर एकच कण येतो, मग खाली कणांचा वर्षाव का दिसतो, हा तेव्हाचा प्रश्न होता. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी त्याचं गणित मांडलं.

सोप्या भाषेत सांगायचं तर हे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डसारखं आहे. जोरदार इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूजवळून गेला की त्यातून प्रकाशकण, म्हणजे फोटॉन निघतो. त्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी तयार होते. ते दोघं पुन्हा फोटॉन सोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. प्रत्येक टप्प्याला ऊर्जा वाटली जाते आणि शेवटी ती इतकी कमी होते की साखळी थांबते.

याचा तुमच्या-आमच्या कामाशीही संबंध आहे. विश्वकिरणांमुळे तयार होणारे काही कण मेमरी चिपवर आदळून एखाद्या शून्याचा एक करू शकतात. म्हणूनच मोठ्या सर्व्हरमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी खास मेमरी वापरतात. मी रोज ज्या सर्व्हरवर काम करतो, त्यात हीच असते.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणितही भाभांनी केलं होतं. जगभर त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

सुट्टीला आले आणि राहिलेच

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं अडलं. मग ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. सी. व्ही. रामन तिथेच होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपल्यावर सहज परत जाता आलं असतं. त्याऐवजी १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मागणी एकच: मूलभूत संशोधनासाठी देशात एक चांगली संस्था हवी. दोनेक दशकांत अणुऊर्जेपासून वीज बनू लागेल, तेव्हा तज्ज्ञ परदेशात शोधावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत, असा त्यांचा मुद्दा होता. तारीख पुन्हा बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त वेळ होता.

१ जून १९४५ रोजी बंगळूरला संस्था सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या इमारतीची पायाभरणी १ जानेवारी १९५४ रोजी पंडित नेहरूंनी केली आणि उद्घाटन १५ जानेवारी १९६२ रोजी त्यांनीच केलं.

इमारत बघताना

इमारतीचे आर्किटेक्ट होते हेल्मुथ बार्च, शिकागोच्या होलाबर्ड अँड रूट या फर्मचे. कमान नाही, घुमट नाही, नक्षी नाही. सरळ रेषा, लांब पसरलेला आकार, आणि पश्चिमेला हिरवळीपलीकडे थेट अरबी समुद्र. यालाच आर्किटेक्चरमध्ये मॉडर्निस्ट शैली म्हणतात.

आत शिरलं की एम. एफ. हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र समोर येतं. सुमारे ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच. भाभा स्वतः चित्रं काढायचे. हुसेन, गायतोंडे अशा त्या काळच्या तरुण चित्रकारांची कामं त्यांनी संस्थेसाठी विकत घेतली. बागेकडेही त्यांचं बारीक लक्ष असायचं. शहरात तोडली जाणारी मोठी झाडं मुळासकट हलवून लावून घ्यायचा त्यांना नाद होता.

मला आधी वाटायचं, गरीब देशात संशोधन संस्थेला एवढी हिरवळ आणि चित्रं कशाला? तिथे उभं राहिल्यावर थोडं कळलं. बाहेरच्या देशात चांगली नोकरी मिळत असलेल्या पंचविशीतल्या मुलाला इथेच थांबावंसं वाटायला हवं होतं. ती जागा त्याच्यासाठी होती.

१० केबीचा कॉम्प्युटर

आता आपल्या साइटच्या विषयाकडे येऊ. भारतात बनवलेल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरपैकी एक याच संस्थेत बनला. आर. नरसिंहन यांच्या टीमने आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र बनवलं, ते १९५६ मध्ये चालू झालं. पूर्ण मशीन १९६० मध्ये कामाला लागलं. १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं.

त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे बरोबर १० केबी. तुमच्या मोबाइलमध्ये ८ जीबी रॅम असेल तर ती याच्या आठ लाखांहून जास्त पट झाली. पण टीममधल्या बहुतेकांनी त्याआधी कॉम्प्युटर बनवलाच नव्हता. बनवता बनवताच ते शिकले. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

अणुऊर्जा आणि शेवट

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा ही आशियातल्या सुरुवातीच्या अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली.

२४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाकडे जाणारं एअर इंडियाचं बोइंग ७०७ माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा त्यात होते. वय ५६. तुर्भ्याच्या केंद्राला १९६७ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं.

त्यांना मारलं गेलं, असे मेसेज तुम्हालाही आले असतील. चौकशीत निघालेलं कारण साधं होतं: विमानातलं एक दिशादर्शक उपकरण बिघडलेलं होतं, विमान पर्वतापलीकडे गेलं असा वैमानिकाचा गैरसमज झाला आणि रडार नियंत्रकाशी झालेल्या संभाषणात तो दूर झाला नाही. कटाचा ठोस पुरावा आजवर समोर आलेला नाही. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

परतीच्या गाडीत

मावसभाऊ येताना बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं की पैशाचं काय. प्रश्न बरोबर होता. भाभांना वडिलांनी पैसे दिले, त्याचे वडील कापसावर अवलंबून आहेत.

मी त्याला जे माहीत होतं ते सांगितलं. टीआयएफआरमध्ये पीएचडी करणाऱ्याला दरमहा फेलोशिप मिळते. बीएस्सीनंतरही तिथे जाण्याचा मार्ग आहे, पण प्रवेश परीक्षा अवघड असते. आणि फिजिक्स करून कोडिंगकडे वळलेले लोक माझ्याच ऑफिसात आहेत.

खापरला पोचल्यावर मावसांना हेच सगळं पुन्हा सांगितलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली: सीईटीचा फॉर्म भर, बारावीला चांगले मार्क आण, मग बोलू. मावसभाऊ माझ्याकडे बघून हसला. अशी अट आम्ही आदल्याच रात्री ऐकली होती.

फॉर्म त्याने त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवरून भरला. फिजिक्सचं पुस्तक अजून उघडंच आहे.